मांडीवरची रबरी दोरी

माझ्या डाव्या गालात जे मांस आहे, ते मुळात माझ्या उजव्या मांडीचं. उजव्या मांडीवर जी कातडी आहे, ती डाव्या मांडीची. आणि डाव्या मांडीवर फक्त एक चौकोनी डाग आहे. असलं काम माझ्या दुकानात एखाद्या कारागिराने केलं असतं, तर मी त्याला संध्याकाळपर्यंतसुद्धा ठेवला नसता. पण यातलं निम्मं काम मी स्वतः बिघडवलेलं असल्यामुळे मला तोंड वर करून बोलायची सोय राहिलेली नाही.

मी त्रिविक्रम पुकाळे. वय त्रेसष्ट. मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसजवळ माझं टेलरिंगचं दुकान आहे. आमची माणसं बेंगळुरात कधी आली ते आम्हालाही ठाऊक नाही. घरात बोलतो ती मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं आहे की पुण्याहून कुणी आलं तर ते आमच्याकडे कौतुकाने बघत राहतं. माझं नाव होतं ते फिटिंगसाठी. कमरेपासून घोट्यापर्यंत पँट कशी अंगाला लागून बसली पाहिजे, एक चुणी दिसता कामा नये. सायन्स इन्स्टिट्यूटची पोरं यशवंतपूरहून चालत यायची माझ्याकडे. त्यातली काही आज मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत. माझ्या पँटमध्ये त्यांना खाली बसता येत नसे, म्हणून त्यांनी उभ्याने अभ्यास केला आणि पुढे गेले, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे.

कात्री हातात घेण्याआधी तंबाखूची चिमूट डाव्या गालात ठेवायची, ही माझी पस्तीस वर्षांची सवय. तिथेच कॅन्सर झाला. गाल आतून-बाहेरून, आरपार काढावा लागणार होता. आमच्या घरच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र डॉक्टरांना विचारलं, "भोक पडेल ते कशाने बुजवणार?"

डॉक्टर शलाका तेव्हा पस्तिशीच्या असतील. पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे बेळ्ळंदूरला राहायला आलेल्या. मी मराठी बोलतोय हे कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. माझ्या मांडीवर त्यांनी निळ्या पेनने एक मोठा लंबगोल काढला.

"काका, इथून स्किन आणि खालची चरबी, रक्तवाहिनीसकट उचलायची आणि गालात बसवायची. ते आमचं नेहमीचं काम आहे. प्रॉब्लेम वेगळाच आहे. मांडीवर जो डिफेक्ट राहील, तो अकरा सेंटिमीटर रुंद असणार. तो क्लोज कसा करायचा?"

त्यांनी माझ्या मांडीची कातडी चिमटीत धरून बघितली. काही हाती लागेना. मी पहिल्यापासून काडीपैलवान.

"मार्जिन नाही म्हणा की," मी म्हणालो.

"एक्झॅक्टली. सात-आठ सेंटिमीटरपर्यंत दोन्ही कडा ओढून शिवता येतं. अकरा नाही येणार. सोपा उपाय म्हणजे डाव्या मांडीची पातळ कातडी काढून इथे लावायची."

ठिगळासाठी काढलेल्या भोकाला पुन्हा ठिगळ! माझ्यातला शिंपी खवळून उठला. हात जोडून मी म्हणालो, की दुसरं काय वाटेल ते करा, हे नको. पद्मावती, माझी बायको, शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अवो, मांडी झाकलेलीच असते की. कोन बगायला येनार हाय?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. चाळीस वर्षं काजं आणि हातशिलाई करणाऱ्या बाईला कापायचं काय कळतं, असा माझा समज होता.

मग डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. जखमेच्या दोन्ही कडांना पिना मारायच्या आणि त्यांच्यातून एक रबरी दोरी बुटाच्या नाडीसारखी आडवी-तिडवी ओवायची. दर दोन-तीन दिवसांनी ती थोडी थोडी ओढायची. कातडी हळूहळू ताणून सरकते, आणि दोन आठवड्यांत कडा जवळ आल्या की शिवून टाकायचं.

"पण काका, पेशन्स पाहिजे. आणि सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, तोपर्यंत ही जखम भरलेली हवी."

पेशन्स! दिवाळीच्या आदल्या आठवड्यात साठ शर्ट काढणाऱ्या माणसाला या पेशन्स शिकवणार. मी कागदावर झोकात सही केली.

ऑपरेशन अकरा तास चाललं. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, गळ्याला भोक पाडून तिथे नळी, आणि तोंडातून शब्द नाही. दिवसभर बडबड करणारा मी, माझ्या हातात एक पांढरी पाटी आणि काळं पेन आलं. पद्मावतीसाठी मराठीत लिहायचं, सिस्टरसाठी कन्नडमध्ये. पहिल्या दिवशी मी पाटीवर काय लिहिलं असेल? "गालाची शिलाई कुणी घातली? टाके समान नाहीत." पद्मावतीने ते डॉक्टरांना दाखवलंच नाही, हाताने पुसून टाकलं.

ड्रेसिंगसाठी रक्षिता नावाची सिस्टर यायची. तेवीस-चोवीस वर्षांची, तुमकूरकडची, नोकरीला लागून तीन महिने झाले होते, अजून कायम झालेली नव्हती. डॉक्टर शलाका ऑपरेशनमध्ये अडकल्या असतील तर दोरी ओढायचं काम तिच्याकडे असे. ते त्यांनी स्वतः तिला शिकवलं होतं. ती मला "अज्जा" म्हणायची. आजोबा! माझ्या दुकानात साठीच्या बायकासुद्धा मला अण्णा म्हणतात. मी पाटीवर "अण्णा" असं लिहून तिला दोनदा दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "सरी अज्जा." म्हणजे, बरं आजोबा!

तिची पद्धत ठरलेली होती. मोजपट्टी लावायची, अर्धा सेंटिमीटर ओढायचं, गाठ मारायची, मग कडेवर बोट दाबून रंग परत येतो का ते बघायचं. दाबलं की कातडी पांढरी, सोडलं की गुलाबी. मग फाइलमध्ये लिहायचं. हे सगळं करताना ती तोंडाने सारखं "स्वल्प, स्वल्प" म्हणत असे, म्हणजे थोडंसंच. मी उशीवर मान वर करून बघायचो आणि मनातल्या मनात तिच्या चुका काढायचो. अर्धा सेंटिमीटर! एवढ्याशा ओढीने काय होणार? मी तिच्या जागी असतो तर दोन ओढींत कडा भिडवून दिल्या असत्या. माणसाला आपल्या धंद्याचा इतका माज असू नये. पण मला होता, आणि पडल्या पडल्या त्याला दुसरं काही काम नव्हतं.

शुक्रवारी रक्षिताने दोरी ओढली. पुढचं ड्रेसिंग सोमवारी. शनिवारी दुपारी पद्मावती खाली कँटीनला जेवायला गेली. मी पट्टी सोडली.

मला वेदना होत होत्या म्हणून नव्हे, की भ्रम झाला म्हणून नव्हे. अगदी शांत डोक्याने सोडली. कडांकडे बघितलं, मापाचा अंदाज घेतला आणि चिमटीत दोरी धरून ओढली. कातडी सरकताना दिसली तेव्हा मला जो आनंद झाला, तो कॅन्सर निघाल्याचं ऐकूनही झाला नव्हता. आणखी ओढली. जवळजवळ दोन सेंटिमीटर. वर पक्की गाठ मारली, टोक आत दडपलं, आणि पट्टी अशा सफाईने गुंडाळली की ती मधे सोडली होती हे कुणाला कळू नये. पद्मावती परत आली तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो आणि सोमवारी डॉक्टर कशा चकित होतील याची चित्रं रंगवत होतो.

संध्याकाळपासून मांडी चरचरायला लागली. नवीन पँट सुरुवातीला घट्ट वाटतेच, असं मी हजारो लोकांना सांगितलं आहे. तेच स्वतःला सांगितलं. रविवारी रक्षिता तापमान बघायला आली तेव्हा विचारलं, "नोवु इदेया अज्जा?" दुखतंय का? मी पाटीवर लिहिलं, "फर्स्ट क्लास."

सोमवारी डॉक्टर शलाकांनी पट्टी सोडली आणि त्या चकित झाल्या. मी मनात रंगवलं होतं तशा नव्हे. जखमेची बाहेरची कड काळी पडली होती, हाताच्या पंजाएवढ्या लांबीवर. त्यांनी बोट दाबलं. रंग गेला नाही की आला नाही. काळं ते काळंच.

"फ्रायडेला किती ओढलंस?" त्यांनी रक्षिताला हिंदीत विचारलं.

"अर्धा सेंटिमीटर, मॅडम."

"हे अर्धा सेंटिमीटर आहे?"

रक्षिताने वाकून बघितलं. फाइलमध्ये तिची सही होती, तिच्या हातची शेवटची ओढ होती, आणि मधल्या तीन दिवसांत पट्टीला कुणी हात लावल्याची नोंद नव्हती. डॉक्टरांनी कात्रीने दोरी कटाकट कापली. दोन्ही कडा मागे सरकल्या आणि जखम पुन्हा पहिल्याएवढी उघडी झाली. आता मेलेली कातडी कापून काढायची आणि डाव्या मांडीची पातळ कातडी आणून लावायची, एवढाच मार्ग उरला होता. ते ऐकताना मी मान फिरवली. पण डाव्या मांडीसाठी नव्हे. रक्षिता भिंतीला लागून उभी होती आणि फाइलमधली स्वतःची सही पुन्हा पुन्हा बघत होती.

मी गप्प बसलो. गळ्यात नळी असल्यामुळे गप्प बसायला मला अगदी रीतसर कारण होतं. पाटी उशाशीच होती, ती मी घेतली नाही.

कापलेली दोरी ट्रेमध्ये पडली होती. पद्मावती ट्रेजवळ उभी होती. तिने ती बघितली, वाकून जवळून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. टोक आत दडपून मारलेली ती गाठ तिने चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक कोटाच्या बटणाखाली पाहिली आहे. बेंगळुरात ती गाठ दुसरं कुणी मारत नाही, अशी फुशारकी मीच तिच्यापुढे हजारदा मारलेली.

सगळे गेल्यावर ती कॉटच्या कडेला बसली.

"तुमीच ना?"

मी छताकडे बघितलं.

"आपली पँट तंग झाली तर गिऱ्हाइकाचं पोट सुटलं म्हनून सांगत आलात जन्मभर. मी कदी एक शब्द बोलले नाही. दुकान हाय, चालायचं. आता ह्या पोरीचं कुटलं पोट सुटलं, सांगा की मला?"

मी पाटी घेऊन लिहिलं, "उद्या सांगतो."

"उद्या तुमी सांगितला नाही तर मी सांगते," ती म्हणाली. मग उठून तिने माझी उशी नीट केली. रागावलेली असतानाही ती उशी नीट करते, आणि त्याने मला जास्त लाज वाटते.

मंगळवार आला. मंगळवारी मी पाटीवर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. एकदा लिहिलं, "दोरी आपोआप ओढली गेली असेल." एकदा लिहिलं, "झोपेत हात लागला." वाचून माझं मलाच हसू आलं, टाके दुखले. कॅन्सर झालेला माणूस, गालात मांडी, मांडीत भोक, आणि मला भीती कशाची? तर डॉक्टर शलाका म्हणतील, हा म्हातारा मूर्ख आहे. मरणाची नाही, माझ्या इज्जतीची मला भीती होती. ज्या इज्जतीचं या हॉस्पिटलात कुणी ऐकलेलंही नव्हतं. त्याच दुपारी गळ्यातली नळी काढली आणि भोकावर कापसाची घडी लावली. ती बोटाने दाबून धरली की आवाज फुटतो, असं सांगितलं. पाटीची सबबही संपली. मी दमलो म्हणून झोपून गेलो.

बुधवारी सकाळी ड्रेसिंगला दुसरीच सिस्टर आली. पद्मावतीने विचारलं, रक्षिता कुठे? तिला वॉर्डमधून काढून खाली चादरींच्या स्टोअरला बसवलंय, असं ती नवी सिस्टर म्हणाली. आज दुपारपर्यंत लेखी खुलासा द्यायचाय. अजून कायम झालेली नाही, त्यामुळे बहुतेक घरीच पाठवतील.

पद्मावती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी वॉकर मागितला. तोपर्यंत मी वॉकरला हात लावला नव्हता. फिजिओथेरपीवाले रोज येऊन विनवायचे आणि मी रोज पाटीवर "उद्या" लिहायचो.

वॉर्डपासून लिफ्टपर्यंत पंचावन्न पावलं होतात. खाली उतरल्यावर आणखी चाळीस. मांडीच्या जखमेत प्रत्येक पावलाला आग पेटत होती, मागून गाऊन उघडा होता, आणि पद्मावती तो दोन्ही हातांनी धरून माझ्या मागे चालत होती. जन्मभर लोकांना नेटके कपडे घातले, आणि स्वतःची वरात अशी निघाली. लिफ्टमधल्या एका बाईने तोंड फिरवलं.

रक्षिता स्टोअरमध्ये स्टुलावर बसून उशांचे अभ्रे घडी करत होती. मला बघून धडपडत उठली. मी गळ्यावरची घडी बोटाने दाबली. गालातलं मांडीचं मांस अजून सुजलेलं होतं, त्यामुळे आवाज निघाला तो खोल विहिरीतून आल्यासारखा.

"नाने एळेदे," मी म्हणालो. मीच ओढली. "शनिवारी. नंदे तप्पु." चूक माझीच.

तिला कळलं. दहा दिवस ती माझ्या ओठांच्या हालचालींवरून माझं म्हणणं ओळखत आली होती. मग तिने पहिली गोष्ट केली ती अशी, की खाली वाकून माझ्या पट्टीतून रक्त येतंय का ते बघितलं.

"एवढं चालत का आलात अज्जा?" ती कन्नडमध्ये म्हणाली. "बोलावलं असतं तर मी आले असते."

तिच्या एप्रनच्या खिशात घडी केलेला कागद होता. मी हात पुढे केला तेव्हा तिने तो नाइलाजाने दिला. चार ओळी होत्या. दोरी ओढताना माझ्या हातून जास्त ओढली गेली असावी, मला ते त्या वेळी कळलं नाही, माझी चूक मला मान्य आहे. खाली सही.

"हे का लिहिलंस? तू ओढली नव्हतीस की!"

"मला वाटलं, मीच ओढली असेल," ती म्हणाली. "दोन दिवस घरी केसांचं रबर बांधून ओढून बघतेय. अर्धा सेंटिमीटरच होतो दर वेळी. पण मग वाटलं, त्या दिवशी हात जड पडला असेल. दुसरं कोण ओढणार? पेशंट स्वतःला असं कशाला करेल?"

माझी चूक तिने दोन दिवस स्वतःच्या हातात शोधली होती. मला इतकं वाईट माझ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशीही नाही.

"जाऊ दे अज्जा," ती पुढे म्हणाली. "आता सांगितलंत तर ते तुम्हाला ओरडतील. तुमचं अजून एक ऑपरेशन व्हायचंय. मला दुसरीकडे नोकरी मिळेल."

खोटं बोलणार नाही. एक क्षणभर माझं मन हो म्हणालं. पोरगी स्वतःहून सांगते आहे, आपण आजारी आहोत, वय झालंय. तो क्षण पद्मावतीला माझ्या पाठीवरून कळला असावा, कारण तिने मागून गाऊन जरा ओढला. मी वॉकर उचलून पुढे ठेवला.

नर्सिंग सुपरिंटेंडंटची केबिन त्याच मजल्यावर टोकाला होती. रक्षिताही आमच्या मागोमाग आली. मॅडम साठीच्या जवळच्या, जाड चष्म्याच्या. डॉक्टर शलाकाही तिथेच होत्या, बहुधा त्याच कामासाठी आलेल्या. मी रक्षिताचा कागद टेबलावर ठेवला, गळा दाबला आणि म्हणालो, की हे खोटं आहे, दोरी मी ओढली.

"एनु?" मॅडम म्हणाल्या. त्यांना माझं एक अक्षर कळलं नव्हतं.

मी पुन्हा सांगितलं. मान पुढे करून त्या ऐकत होत्या, मग त्यांनी रक्षिताकडे बघितलं. "काय म्हणतायत पेशंट?"

रक्षिताला अक्षर न अक्षर कळलं होतं. मीही तिच्याकडे बघितलं. ती सांगून टाकेल आणि मी मान डोलवेन, म्हणजे सुटलो, असं मला वाटत होतं. रक्षिताने मान खाली घातली. पेशंटविरुद्ध तिच्या तोंडून एक शब्द निघेना. पद्मावतीही बोलली नाही. ती मागे गाऊन धरून उभी राहिली, बस.

मग मी वॉकर सोडला. एका हाताने टेबल धरलं, दुसऱ्या हाताची दोन बोटं गळ्यावर घट्ट रोवली आणि असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडलो. आधी कन्नडमध्ये, मग डॉक्टर शलाकांसाठी मराठीत. "दोरी मी ओढली! हिने नाही! मी! मला वाटलं मला जास्त कळतं!"

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी हातातला ट्रे थांबला. डॉक्टर शलाका माझ्याकडे बघत राहिल्या. त्या मला मूर्ख म्हणाल्या नाहीत, पण म्हणाल्या असत्या तरी आता चालणार होतं. मॅडमनी चष्मा काढला, तो कागद उचलून रक्षिताच्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "हा तुझा नाही. जा, यांना वर ने."

रक्षिता माझ्या जवळ आली. माझं बोट अजून गळ्यावरच होतं, ते तिने हळूच सोडवलं आणि त्या जागी स्वतःच्या हाताने घडी नीट बसवली. ती रडत होती. "सरी अण्णा," ती म्हणाली, "आता बोलू नका, टाके तुटतील."